वाफे आखले, पण कुलूप निघेना: सामूहिक परसबागेबद्दल वाचकांचे प्रश्न

नव्या गृहसंकुलांत भाजीपाल्यासाठी ठेवलेले सामूहिक वाफे ठरल्या वेळी रहिवाशांच्या हाती का येत नाहीत, या विषयावर सातारा आणि सांगलीहून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या संकुलात चार इमारती आहेत. तिघींत लोक राहायला आले, त्याला दोन वर्षं झाली. माहितीपत्रकात ओपन स्पेसवर 36 भाजीचे वाफे दाखवले होते. विचारलं की बिल्डर म्हणतात, ‘चौथी इमारत होऊ द्या, मग एकदमच देतो.’ तोपर्यंत हात बांधून बसायचं का? (शाहूपुरी, सातारा)

नाही. पण आधी अडलंय कुठे ते पाहा. अर्धवट संकुलात ओपन स्पेस हेच खडी, वाळू, सळई आणि सेंट्रिंगच्या फळ्या ठेवायचं ठिकाण असतं. बांधकामाची पाण्याची टाकी आणि कामगारांच्या खोल्याही तिथेच असतात. चौथी इमारत चालू आहे तोवर बिल्डरला ती जागा मोकळी करणं खरोखर जड जातं. एवढंच कारण असेल तर तोडगा निघतो. पण जागेच्या कागदांतच घोळ असेल तर चौथी इमारत होऊनही कुलूप निघणार नाही.

म्हणून तीन कागद काढा. पहिला मंजूर लेआउट. ‘ओपन स्पेस’ लिहिलेला तुकडा आणि ‘ॲमेनिटी स्पेस’ लिहिलेला तुकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा करमणुकीची खुली जागा म्हणून सोडावी लागते, आणि ती तिथल्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठीच असते. ॲमेनिटी स्पेसचं तसं नाही, ती पुढे नगरपालिकेकडे जाऊ शकते. वाफे चुकून तिथे रंगवलेले असतील तर ते तुमच्या हातात नाहीत. दुसरा कागद त्या तुकड्याचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका. जुन्या बिनशेती लेआउटमध्ये खुली जागा कधी कधी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नावावर चढलेली असते. तसं असेल तर परवानगी बिल्डरकडे नाही, तिकडे मागायची. तिसरा कागद तुमचा करारनामा आणि त्याची परिशिष्टं. माहितीपत्रकातले वाफे करारात उतरलेत का ते तिथे कळेल.

वाफे करारात नसले तरी माहितीपत्रक फेकून देऊ नका. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून घर घेतलेल्याला भरपाई मागता येते. कलम 14 नुसार मंजूर आराखडा आणि सामाईक जागा यांत बदल करायचा तर दोन-तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. त्यामुळे ‘तिथे आता पार्किंग करू’ असं परस्पर ठरवता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाच्या पानावर लँडस्केपिंग आणि इतर सामाईक कामं किती झाली ते बिल्डरने स्वतः भरलेलं असतं. ते पान तारखेसह छापून ठेवा. प्रत्यक्षात जागेवर खडीचा ढीग आणि कागदावर काम पूर्ण, एवढी तफावत तक्रारीला पुरेशी असते.

आता मुख्य मुद्दा. संपूर्ण लेआउटच्या जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी रहिवाशांच्या संस्थांच्या नावावर होणं, शेवटच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रानंतर होतं, हे बिल्डरचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्हाला आज मालकी नको, वापर हवा आहे. हे दोन वेगळे करून मागा. ‘जागा द्या’ असं पत्र देऊ नका. ‘ओपन स्पेसचा रस्त्याकडचा एवढा भाग, सोबतच्या नकाशावर खुणा केल्याप्रमाणे, पत्र्याचं कुंपण घालून, अमुक तारखेपर्यंत मोकळा करून रहिवाशांच्या वापराला द्यावा. त्याने मालकी किंवा अभिहस्तांतरणाच्या हक्काला बाध येणार नाही’ असं लिहा. 36 वाफ्यांना वाटा, अवजारांची खोली आणि खतखड्डा धरून साधारण तीन गुंठे लागतात. निम्मे वाफे आधी मागितले तर दीड गुंठा मोकळा करणं बहुतेकांना जमतं. पत्र संस्थेच्या नावाने, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. संस्थाच झाली नसेल तर ती आधी करून घ्या. निम्म्याहून जास्त घरांची नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत संस्था उभी करणं ही रेरानुसार प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची, जबाबदारी आहे. इमारतवार वेगळ्या संस्था असतील तर ओपन स्पेस कोणा एकीची नाही. चौघींचा संघ होईपर्यंत सगळ्यांच्या सह्यांचं एकच पत्र द्या. तीन संस्थांची तीन पत्रं गेली की उत्तर कोणालाच मिळत नाही. एवढं करूनही हालचाल नसेल तर कलम 31 खाली महारेराकडे तक्रार करता येते.

प्रश्न : जागा मिळाली, वाफे पाडले, पण पहिल्याच पावसात तीन दिवस पाणी तुंबलं. मेथी पिवळी पडून गेली. आता कमिटी म्हणते, ‘माती बदलेपर्यंत वाटप बंद.’ किती माती लागेल? (विश्रामबाग, सांगली)

माती मागवण्याआधी खड्डा घ्या. सांगलीत पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते इथेच.

जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच खड्डे, दोन फूट खोल. खड्ड्याची कड नीट पाहा. बांधकामाच्या जागेवर बहुतेक वेळा वरून खाली असे थर दिसतात: वर चार-सहा इंच आणून टाकलेली लाल माती किंवा मुरूम, त्याखाली विटांचे तुकडे, प्लॅस्टर, फरशीचे काप असा राडारोडा, मग ट्रक आणि जेसीबीने दाबून दगडासारखी झालेली मूळ काळी माती. पाणी तुंबतं ते या दाबलेल्या थरावर. वर कितीही चांगली माती टाका, खालचं झाकण फुटलं नाही तर ती माती परातीतल्या पिठासारखी भिजत राहणार.

खात्रीसाठी पाण्याची चाचणी करा. तळाशी एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा, काठोकाठ भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि काठी उभी करून तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला एक इंचाहून कमी उतरलं तर निचरा वाईट.

उपाय काय, ते कशामुळे तुंबतंय त्यावर ठरतं. मूळ काळी माती शाबूत असेल आणि फक्त दाबली गेली असेल तर एकही ब्रास माती विकत घेऊ नका. राडारोडा उचला आणि एप्रिल-मेमध्ये, जमीन पूर्ण कोरडी असताना, दीड फुटापर्यंत फोडून घ्या. कोरडी काळी जमीन तडकते, ढेकळं निघतात आणि वळवाच्या पावसात ती आपोआप विरघळतात. हेच काम ओल्यात केलं तर यंत्राचा दात मातीला लोण्यासारखी गुळगुळीत करत जातो आणि आत नवं झाकण तयार होतं. जेसीबीवाल्याला ‘लेव्हल करून दे’ म्हणू नका. तो बकेटने सपाट करता करता चाकांनी पुन्हा दाबतो. एका टोकाकडून फोडत मागे यायचं, आणि फोडलेल्या जागेवर पुन्हा चाक नाही.

राडारोडा दोन फुटांहून खोल असेल, किंवा खाली सिमेंटच्या गाड्या धुतलेली राखाडी साय सापडली, तर मात्र वर गादीवाफे करणं स्वस्त पडतं. हिशोब असा: 10 बाय 4 फुटांचा, एक फूट उंच वाफा म्हणजे 40 घनफूट, 0.4 ब्रास. 36 वाफ्यांना 14.4 ब्रास. भरलेली माती पहिल्या पावसाळ्यात पाचवा ते चौथा हिस्सा खाली बसते, म्हणून 18 ब्रास धरा. त्यातला पाचवा भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, म्हणजे साडेतीन ब्रासच्या आसपास, वजनाने पाच-सहा टन. अर्धवट कुजलेलं खत घेऊ नका. ते वाफ्यात तापतं, रोपं करपतात आणि हुमणी येते ती वेगळीच.

पोयटा, म्हणजे भरायची सुपीक माती, कुठून येतोय ते जाऊन पाहा. माती-मुरूम हे गौण खनिज आहे. रॉयल्टी भरलेली आणि वाहतुकीचा परवाना असलेली गाडीच आत घ्या, नाहीतर गाडी अडकते आणि तुमचं काम महिनाभर लांबतं. शेतातली माती असेल तर लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काशा हाताने चाळून पाहा. एकदा लव्हाळा वाफ्यात आला की तो पुढची कित्येक वर्षं खुरपायचा. उसाच्या रानातली माती असेल तर तणनाशकाचा अंश राहिलेला असू शकतो. दोन कुंड्या घ्या, एकीत ती माती आणि दुसरीत घरची, दोन्हींत काकडी आणि मेथी पेरा. 15 दिवसांत फरक दिसला तर तो ढीग नाकारा.

प्रयोगशाळेकडे नमुना पाठवायचा तो असा: आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा, 15-20 सेंटिमीटर खोल खड्डा करून कडेची चकती घ्यायची, सगळी माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे, शेवटी अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची. पीएच, ईसी (क्षार किती आहेत ते सांगणारी विद्युतवाहकता) आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे महत्त्वाचे. पीएच 8 च्या आसपास आला तर घाबरू नका, कृष्णाकाठची काळी जमीन तशीच असते. 9 च्या वर गेला तर सिमेंट-चुन्याची किंवा चोपण जमिनीची शंका घ्या. मातीवर व्हिनेगर टाकून फेस आला म्हणजे सिमेंट आहे, असं काही जण सांगतात. आपल्याकडे ते चालत नाही, कारण मूळ जमिनीतच चुनखडी असते आणि ती फसफसतेच. ईसी 1 च्या आत असावा. जास्त आला तर घेवडा, गाजर, कांदा ही पिकं पहिल्या वर्षी टाळा, पालक आणि बीट तग धरतात. जिप्सम अहवालाशिवाय टाकू नका. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीचा अभ्यास चालतो, तिथे अहवाल दाखवून विचारता येईल. सातारकरांना बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

तुंबलेल्या पाण्याला वाटही द्या. जागेच्या उताराकडच्या कडेने एक फूट रुंद, दोन फूट खोल चर, 100 फुटांना एक फूट उतार, तळात खडी, आणि तोंड पावसाळी गटारात. शोषखड्डा करू नका, काळ्या मातीत तो भरून उभा राहतो. ड्रेनेजच्या चेंबरला तर मुळीच जोडू नका, पावसाळ्यात तिकडचं पाणी उलटं वाफ्यात येतं.

आणि हो, मेथी पिवळी पडली ती बहुधा मुळं गुदमरल्याने. पण पुढे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर तो चुनखडीमुळे येणारा लोहाचा तुटवडा. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा.

प्रश्न : कमिटी म्हणते, ‘उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही, वाफ्यांना कुठलं देणार?’ या एका वाक्यावर वर्षभर काम थांबलं आहे. वाफ्यांना खरंच किती पाणी लागतं? (गोडोली, सातारा)

10 बाय 4 च्या वाफ्याला भर उन्हाळ्यात दिवसाला 18 ते 20 लिटर, म्हणजे झारीच्या दोन खेपा. 36 वाफ्यांना 720 लिटर. सांडलवंड धरून रोजचे 900 ते 1,000 लिटर. पावसाळ्यात जवळपास शून्य, हिवाळ्यात निम्मं. हा आकडा सभेत फळ्यावर लिहा. बहुतेक ठिकाणी ‘पाणी नाही’ म्हणणाऱ्यांनी तो कधी काढलेला नसतो. वाफ्यावर दोन इंच पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा पसरला तर मागणी आणखी उतरते.

2,000 लिटरची वेगळी टाकी, तिच्यावर वेगळा मीटर. 32 मिलिमीटरची मुख्य लाइन, तिला 20 मिलिमीटरच्या फांद्या, आणि सहा ते आठ वाफ्यांना एक नळ. नळ 50 फुटांपेक्षा लांब असला की वयस्कर माणसं महिनाभरात येणं सोडतात. नळाखाली फरशी आणि निचरा हवा, नाहीतर तिथेच डास.

ठिबक करायचं तर प्रत्येक वाफ्यात 16 मिलिमीटरच्या दोन नळ्या, फुटाफुटावर ड्रिपर, असे 20 ड्रिपर होतात. ताशी 2 लिटरचे ड्रिपर पूर्ण दाबावर अर्ध्या तासात 20 लिटर देतात. मात्र टाकी सहा-सात फुटांच्या स्टँडवर ठेवून नुसत्या उताराने पाणी सोडलं तर दाब फार कमी पडतो आणि प्रवाह निम्म्याहून खाली येतो. तेव्हा एक तास चालवा, नळ्या लहान ठेवा आणि गाळणी दर आठवड्याला धुवा. शेवटच्या वाफ्यांची तक्रार नेहमी तुंबलेल्या गाळणीमुळेच येते.

बोअरचं पाणी वापरणार असाल तर ईसी मोजून घ्या. 0.75 पर्यंत निश्चिंत, 2.25 च्या वर भाजीला नको. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी वाफ्याला देण्याची टूम निघाली आहे. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि दोन उन्हाळ्यांत वाफ्यावर पांढरी साय धरते. ते लादी पुसायला वापरा. एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी हिरवळीला आणि झाडांना चालेल, पालेभाजीला देऊ नका.

प्रश्न : आमची ओपन स्पेस पार्किंगच्या स्लॅबवर आहे. वाफे करावेत का? (मिरज)

स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय नाही. भिजलेली माती घनमीटरला 1,800 ते 2,000 किलो भरते. एक फूट जाडीचा वाफा म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे ते सहाशे किलो. घरातला स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो चल भारासाठी, म्हणजे माणसं आणि सामान यांच्या वजनासाठी, धरलेला असतो. पोडियम, म्हणजे पार्किंगवरचा स्लॅब, जास्त भारासाठी केलेला असू शकतो, पण किती ते डिझाइन पाहूनच सांगता येतं. कोकोपीट आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण, आठ इंचांच्या पेट्या आणि त्याही खांब-तुळयांच्या रेषेवर, असा मधला मार्ग निघतो. पेटीखाली दोन इंच पोकळी ठेवा, म्हणजे वॉटरप्रूफिंग तपासता येईल.

प्रश्न : घरं 52, वाफे 36. बिल्डर म्हणतात, सगळे फ्लॅट विकल्याशिवाय वाटप नको. सभासदांतही भांडणं आहेत. (कुपवाड)

न विकलेल्या फ्लॅटच्या प्रमाणात वाफे राखून ठेवा आणि बाकीचे आजच वाटा. 52 पैकी 13 फ्लॅट शिल्लक असतील तर 9 वाफे राखायचे, 27 वाटायचे. राखीव वाफेही रिकामे ठेवू नका, त्यांत संस्थेने भाजी किंवा हिरवळीचं खत घ्यावं. मोकळ्या वाफ्यावर गाजर गवत आलं की शेजारच्या वाफ्याचे हाल होतात.

वाटप सर्वसाधारण सभेत, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून. ज्यांना मिळालं नाही त्यांची क्रमवार यादी त्याच सभेच्या इतिवृत्तात. मागणी जास्तच असेल तर काही वाफे मधून दोन करा, 5 बाय 4 मध्येही एका घराची कोथिंबीर-मेथी निघते. वाफा भाड्याने दिल्यासारखा कागद करू नका. ‘सभासदाला वापराची परवानगी, कोणताही हक्क निर्माण होत नाही’ एवढंच लिहा आणि पाणी-देखभालीची वर्गणी घ्या. मुदत 1 जून ते 30 एप्रिल ठेवा. मे महिन्यात सगळे वाफे एकदम रिकामे मिळाले की जमीन तापते, खत मिसळता येतं, पाइपांची दुरुस्ती होते. 30 दिवस वाफ्याकडे कोणी फिरकलं नाही तर नोटीस, त्यापुढे 15 दिवसांनी यादीतल्या पुढच्याला. हा नियम पहिल्याच सभेत करा. नंतर तो कोणावर तरी रोख धरून केल्यासारखा वाटतो आणि मंजूर होत नाही.

दोडका, कारलं, घेवड्याचे मांडव फक्त उत्तरेकडच्या रांगेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दक्षिणेचा मांडव मागच्या दोन वाफ्यांवर सावली धरतो. फवारणीचं औषध कोणतं आणि कधी, हे प्रत्येकाने वेगळं ठरवायचं नाही. शेजारच्याची पालेभाजी उद्या काढायची असते.

प्रश्न : ताबा जूनऐवजी ऑगस्टमध्ये मिळणार असं आता सांगताहेत. खरीप गेलाच. तोवर काय करता येईल? (कराड)

ऑगस्टमध्ये मिळालं तरी लगेच कुदळ घेऊन उतरू नका. भारी जमिनीत वाफसा, म्हणजे काम करण्याजोगी बेताची ओल, येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर थांबा. कराडकडे पावसात हा मोका चार-पाच दिवसांचाच मिळतो, म्हणून अवजारं आणि बियाणं आधीच तयार ठेवा.

त्या मोक्यात ताग किंवा धैंचा पेरा. गुंठ्याला 500 ते 600 ग्रॅम बी, हाताने फोकून. पाणी धरणाऱ्या किंवा खारवट जागेत धैंचाच. 45 ते 50 दिवसांनी, फुलं यायच्या सुमारास, कापून तिथेच गाडा. उशीर केला तर खोड काष्ठवत होतं आणि कुजायला फार वेळ घेतं. गाडल्यावर दोन-तीन आठवडे जमिनीला विसावा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलं तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाफे रब्बीला तयार. मेथी 30 दिवसांत, पालक 35 ते 40, मुळा 45 दिवसांत निघतो. म्हणजे खरीप हुकला तरी डिसेंबर लागायच्या आत पहिली पेंडी घरात.

ताबा मिळायच्या आधीही एक काम चालू करता येतं, ते म्हणजे खत. संकुलातल्या ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला वाळलेल्या पाल्याच्या दोन-तीन बादल्या, तीन फूट लांब-रुंद-उंच जाळीच्या पेटीत, दर आठ-दहा दिवसांनी उलथून. दोन-अडीच महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचं खत होतं. आंबूस वास येत असेल तर पाला कमी पडला आहे.

प्रश्न : आमची खुली जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे. परसबाग करावी की नाही? (नदीकाठचा वाचक, सांगली)

करावी, पण पक्कं काही बांधू नका. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि 2005, 2019, 2021 तुम्ही पाहिले आहेतच. अवजारांची खोली, खताचा साठा, पाण्याची मोटर रेषेबाहेर. विटांच्या कडांचे वाफे नकोत, मातीचेच ठेवा. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. पाणी 40 कडे सरकू लागलं की ठिबकच्या नळ्या गुंडाळून वर न्या.

पुराचं पाणी वाफ्यावरून गेलं तर उभी भाजी काढून टाका, धुऊनही खाऊ नका, त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. गाळ वाळून तडे जाईपर्यंत आत जाऊ नका. मग तो मातीत मिसळा आणि पहिलं पीक मक्याचं किंवा धैंचाचं घ्या. कोथिंबीर, मुळा, गाजर असं कच्चं खायचं काहीही निदान चार महिने लावू नका.